दार ओरबाडणाऱ्या फॉस्टर कुत्रीला रागवावे, परत करावे की शिकवावे?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी एका रेस्क्यू संस्थेकडून आम्ही साधारण तीन वर्षांची एक मिश्र जातीची कुत्री फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत तात्पुरती सांभाळायला, घरी आणली. तिचे नाव टिकली. आम्ही घरात असलो की ती अतिशय गुणी असते. पण आम्ही दोघे कामाला गेलो की दाराची चौकट ओरबाडते, पडदे फाडते, घरात लघवी करते आणि शेजारी सांगतात त्याप्रमाणे सतत विव्हळते. पिंजऱ्यात ठेवून पाहिले, तर गज चावून तिच्या हिरड्यांतून रक्त आले. परत आल्यावर फाटलेली उशी दाखवून रागावलो की ती कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसते. म्हणजे आपले चुकले हे तिला कळते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणी म्हणते दुसरा कुत्रा आणा, कोणी म्हणते तुम्हीच फार लाड केलेत. आता तिला दत्तक घेऊ इच्छिणारे एक कुटुंब पुढे आले आहे. त्यांना हे सगळे सांगितले तर ते माघार घेतील अशी भीती वाटते. आम्ही तिला संस्थेकडे परत करावे का? आणि तिला आमचा एवढा लळा लागलेला असताना दुसऱ्या घरी पाठवणे हा क्रूरपणा तर होणार नाही ना?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

टिकली तुमच्यावर राग काढत नाही, हट्ट करत नाही आणि तुम्हाला धडाही शिकवत नाही. घरात माणूस उरला नाही की तिची घबराट होते, आणि त्या घबराटीत ती जे करते त्याच्या खुणा तुम्हाला संध्याकाळी दिसतात. नुकसान कुठे होते तेच पाहा. तुम्ही ज्या वाटेने गेलात ते दार आणि बाहेरचे दिसते त्या खिडकीचे पडदे यांवर तिचा मुख्य जोर आहे. कंटाळलेला कुत्रा चप्पल कुरतडतो, कचऱ्याचा डबा पालथा घालतो आणि मग झोपतो. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत तो गज चावत नाही. या अवस्थेला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. ही घबराट आहे, खोडी नव्हे, एवढे मान्य केले की तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप बदलतात.

सर्वांत आधी बदलायला हवे ते रागावणे. कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरून बसणे याला आपण अपराधीपणा समजतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतील संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हेच तपासले होते. मालकाने कुत्र्याला खाऊला तोंड लावू नकोस असे बजावून खोलीबाहेर जायचे आणि परतल्यावर कुत्र्याने आज्ञा मोडली की पाळली हे मालकाला दुसऱ्याने सांगायचे, अशी रचना होती. मात्र सांगितलेले दर वेळी खरे नसे. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. संबंध होता तो मालकाच्या रागावण्याशी, आणि काहीही चूक नसताना रागावणे वाट्याला आलेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तो भाव अधिक ठळक होता. टिकली कोपऱ्यात बसते ती तुमचा चढलेला आवाज आणि ताठरलेले अंग पाहून. कित्येक तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा आणि या रागाचा संबंध तिला जोडता येत नाही. तिला एवढेच कळते की माणसे जाणे भयंकर असते आणि आता माणसे परत येणेही धोक्याचे झाले आहे. म्हणून आजपासून घरात काहीही दिसले तरी तिला शांतपणे बाहेर फिरवून आणावे आणि पसारा ती समोर नसताना आवरावा. लघवीच्या जागा एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसाव्यात. अमोनियाचा वास लघवीच्या वासाशी मिळताजुळता असल्यामुळे अमोनिया असलेली साफसफाईची द्रव्ये टाळावीत.

लाडांविषयीही मनात काही ठेवू नका. पलंगावर झोपू दिल्यामुळे किंवा जवळ घेतल्यामुळे ही घबराट जडते असे मानण्याजोगे काही नाही. घर बदलणे, माणसे बदलणे, आश्रयस्थानातला मुक्काम, मालकाने सोडून देणे अशा उलथापालथीनंतर ती अनेकदा वर येते, आणि फॉस्टर घरात आलेला कुत्रा यातल्या बऱ्याच गोष्टींतून गेलेला असतो.

आता खात्री करून घेण्याविषयी. तुम्ही जे लिहिले आहे ते परत आल्यानंतर पाहिलेले आणि शेजाऱ्यांकडून ऐकलेले आहे; मधल्या वेळेत नेमके काय घडते ते अजून कोणी पाहिलेले नाही. एखादा जुना मोबाइल दाराकडे तोंड करून ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि थोड्याच वेळासाठी बाहेर जा. चित्रीकरणात पहिल्या अर्ध्या तासाकडे बारकाईने लक्ष द्यावे, कारण खऱ्या सेपरेशन अँग्झायटीची लक्षणे बहुधा त्यातच, कित्येकदा तर दार लागल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत दिसू लागतात. ती दारापाशी येरझाऱ्या घालते का, धापा टाकते का, तोंडातून लाळ गळते का, एका जागी थिजून दाराकडे टक लावून बघते का, हे टिपून ठेवा. तिला आवडणारा खाऊही ठेवून पाहा. तुम्ही असताना जो खाऊ ती एका दमात संपवते, तोच तुम्ही नसताना तसाच पडून राहिला आणि तुम्ही परत आल्यावर तिने त्यावर झडप घातली, तर ती खूण फार बोलकी आहे.

उलट ती तासभर स्वस्थ झोपली आणि नंतर फटाक्याच्या, गडगडाटाच्या किंवा जिन्यातल्या आवाजाने दचकून उठली, तर मूळ भीती आवाजाची आहे आणि तिचा उपाय वेगळा. पिंजऱ्याबाहेर तुलनेने ठीक आणि पिंजऱ्यात बेभान, असे दिसले तर तिला कोंडले जाण्याचे भय आहे. काही कुत्र्यांत हे सगळे एकत्रही असते. लघवीचा भाग मात्र पशुवैद्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावा, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, आणि नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये झोपेत नकळत लघवी ठिबकण्याचा त्रासही असतो. त्याचा भीतीशी संबंध नसतो. त्याच भेटीत दात आणि नखे पाहून घ्या. गज चावणाऱ्या कुत्र्याचा दात तुटलेला असू शकतो, आणि दात दुखत असतानाही कुत्रा अनेकदा नेमाने जेवत राहतो, त्यामुळे ते घरात कोणाच्या लक्षात येत नाही. पडद्याचा किंवा उशीचा तुकडा पोटात गेल्याची शंका असेल आणि वारंवार उलट्या, खाणे बंद, शौच न होणे यांपैकी काही दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पिंजरा आता बंद. पिंजरा वाईट असतो असे मी म्हणत नाही. सवय लावलेल्या कुत्र्याला तो आपली हक्काची जागा वाटते. पण घाबरलेल्या कुत्र्याला त्यात कोंडले की घराचे नुकसान थांबते आणि त्याचे स्वतःचे नुकसान वाढते. लिफ्टमध्ये अडकून जीव घाबरा झालेल्या माणसाला आणखी लहान लिफ्टमध्ये ठेवण्यासारखेच ते आहे. भुंकल्यावर झटका देणारे किंवा फवारा मारणारे पट्टे यांनाही माझा ठाम विरोध आहे. त्यांनी आवाज दबतो, भीती तशीच राहते, आणि कधी कधी ती आणखी खोल जाते. दुसरा कुत्रा आणण्याची घाई करू नका. टिकलीला उणीव भासते ती बहुधा माणसाची, त्यामुळे दुसरा कुत्रा शेजारी निवांत झोपलेला आणि ही दारावर धडका देत असलेली, असेही चित्र दिसू शकते. काही कुत्र्यांना सोबतीचा खरोखर उपयोग होतो, पण ते आधी कोणाचा तरी ओळखीचा, शांत कुत्रा थोडा वेळ घरी बोलावून आणि कॅमेरा लावून पाहावे. ते कळायच्या आत कायमचा दुसरा जीव घरात आणू नये.

यापुढचा सल्ला पाळायला सर्वांत अवघड आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. शिकवणे सुरू असेपर्यंत टिकलीला तिच्या सहनशक्तीपेक्षा अधिक वेळ एकटी सोडू नये. ती प्रत्येक वेळी घाबरते, तेव्हा एकटे राहणे म्हणजे संकट हाच धडा पक्का होत जातो; सकाळी दहा सेकंदांचा शांत सराव आणि त्यानंतर आठ तासांची घबराट असा क्रम असेल, तर त्या दहा सेकंदांना काही अर्थ राहत नाही. दोघांच्या कामाच्या वेळा मागेपुढे करता येतील का, काही दिवस घरून काम शक्य आहे का, आठवड्यातला एखादा दिवस नातेवाईक किंवा मित्र घरी येऊन बसतील का, संस्थेचा कोणी स्वयंसेवक दुपार सांभाळेल का, कुत्र्यांचे चांगले पाळणाघर परवडेल का, याचा सगळ्यांनी बसून एक आठवडाभराचा तक्ता करावा. अशा बऱ्याच कुत्र्यांना ठरावीकच माणूस लागतो असे नाही, कोणीही माणूस जवळ असला तरी पुरते. म्हणून सोबत येणाऱ्याने काही विशेष करण्याची गरज नसते, आपले पुस्तक वाचत घरात बसले तरी चालते. गाडीत ती शांत बसते म्हणून तिला बंद गाडीत ठेवून कामे उरकण्याचा मोह मात्र टाळा. बाहेर हवा सुसह्य असली तरी बंद गाडीतले तापमान काही मिनिटांत जिवावर बेतण्याइतके चढू शकते.

एखाद्या दिवशी इलाजच नसेल, तर सराव ज्या दारापाशी आणि ज्या पद्धतीने करता त्यापेक्षा तो दिवस वेगळा ठेवा. दुसरी खोली, दुसरे दार किंवा एरवी न लागणारा रेडिओ, असे काहीही चालेल. सरावातली ‘आता जातो, लगेच येतो’ ही खूण तिच्यासाठी खरीच राहिली पाहिजे. त्या दिवशी विजेच्या तारा, काचेच्या वस्तू आणि गिळता येतील अशा गोष्टी तिच्या वाटेतून काढून ठेवाव्यात.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. तत्त्व सोपे आहे. ती घाबरण्याच्या आत परत यायचे, आणि ‘आत’ची ही मर्यादा हळूहळू पुढे सरकवायची. ती मर्यादा कोठे आहे हे तुम्ही नव्हे, टिकली ठरवते. काही कुत्र्यांची घबराट दाराच्या आधीच, किल्ल्यांच्या आवाजाने किंवा पायांत बूट चढवताना सुरू होते. तसे असेल तर एरवी घरात वावरताना अधूनमधून किल्ल्या उचलून पुन्हा खुंटीला लावा, बूट घालून सोफ्यावर बसा, पिशवी खांद्याला अडकवून पाणी पिऊन या. किल्ल्यांचा आवाज आणि जाणे यांची गाठ त्यामुळे सैल होते. हे दिवसभर मात्र करू नका. सतत किल्ल्या वाजत राहिल्या तर काही कुत्री दिवसभर ताणलेलीच राहतात.

मग दार. पहिल्या दिवशी एवढेच करा : दारापर्यंत जा, कडीला हात लावा, परत या. ती मान वर करून पाहील, कदाचित मागे येईल. ती पुन्हा अंग टाकून बसेपर्यंत थांबा, मगच दुसऱ्यांदा उठा. नंतर कडी काढा आणि लावा. नंतर दार वीतभर उघडा आणि बंद करा. नंतर एक पाऊल बाहेर टाका, दार लोटा, लगेच आत या. खटक्यासह दार पूर्ण लागणे ही पुष्कळ कुत्र्यांसाठी मोठी पायरी असते. तिथे दोन दिवस अडलात तरी बिघडत नाही. बाहेर उभे असताना मोबाइलवर तिचे चित्र समोर असावे. जीभ ओठांवरून फिरवणे, झोप आलेली नसताना जांभई, मागे ओढलेले कान, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, बंद तोंड आणि दाराच्या फटीवर रोखलेली नजर या पहिल्या खुणा असतात. त्या दिसल्या की आत यावे आणि पुढच्या वेळी याहून सोपे काही करावे. विव्हळणे सुरू होईपर्यंत थांबलात, तर त्या दिवशीचा सराव हाताबाहेर गेला असे समजून तो तिथेच संपवा.

येथे एक प्रश्न हटकून येतो : ती ओरडत असताना आत गेलो तर ओरडण्याला बक्षीस मिळणार नाही का? खाऊसाठी भुंकणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. घबराट मात्र कोणी ठरवून करत नाही, त्यामुळे धीर दिल्याने तिची सवय लागत नाही. ओरडणे थांबण्याची वाट पाहत बाहेर उभे राहिल्याने ती थकून गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याला आपण शिकणे समजून बसतो.

वेळ चढत्या क्रमाने वाढवत नेऊ नका. पाच सेकंद, मग दहा, मग तीन, मग बारा, मग सहा, असे वरखाली ठेवा. नाहीतर पुढची खेप नेहमी मागच्यापेक्षा अवघड असते एवढे तिच्या लगेच लक्षात येते. एका बैठकीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नये, दिवसाला एक बैठक पुरे, आणि आठवड्यातून एकदोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. एका वहीत तारीख, किती सेकंद, ती कशी होती, त्याआधी फिरणे आणि झोप झाली होती का, एवढे लिहीत जा. सुरुवातीला ही प्रगती वैताग यावा इतकी मंद असते. सेकंदांची मिनिटे व्हायला कित्येक आठवडे जाऊ शकतात, एखादा वाईट दिवस आठवड्याची कमाई मागे नेतो, आणि त्या दिवशी घरात सगळ्यांचाच धीर सुटतो. पण पहिली तीस-चाळीस मिनिटे ही खरी चढण असते. तेवढा वेळ जी कुत्री सैल अंगाने झोपून काढते, तिच्यासाठी पुढची वाढ सेकंदांऐवजी पाच-दहा मिनिटांच्या, नंतर पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यांनी करता येते.

खाऊ भरलेली खेळणी या सरावात मी जपून वापरायला सांगेन. खाऊ संपेपर्यंत ती गुंतलेली असते, संपला की मान वर करते आणि घर रिकामे असल्याचे तिच्या एकदम लक्षात येते. काही दिवसांनी तो खाऊच धोक्याची सूचना ठरतो. तुम्ही घरात असताना मात्र तो भरपूर द्या, शक्यतो थोडे अंतर राखून. तुम्ही स्वयंपाकघरात असताना तिने दुसऱ्या खोलीतल्या आपल्या चटईवर चघळत बसावे, ही एकटे राहण्याचीच पहिली इयत्ता आहे. खेळण्यात पीनट बटर भरत असाल तर डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल हा साखरेचा पर्याय कुत्र्यांना विषारी असतो. सकाळचे फिरणे घाईचे नसावे, तिला हवे तितके हुंगू द्यावे. व्यायामाने घबराट बरी होत नाही, पण शरीर थकलेले आणि नाक तृप्त असेल तर सरावाला बसणे सोपे जाते. निघताना तिच्याकडे अर्धा तास पाहायचेच नाही, हा जुना नियम पाळण्याची गरज नाही. एक साधा निरोप आणि परतल्यावर शांत भेट पुरेशी आहे.

औषधांचे नाव काढले की बऱ्याच जणांना ‘तिला गुंगीत ठेवायचे’ असे वाटते. टिकलीने स्वतःला जखमी करून घेतले आहे. माझ्या मते तिच्या बाबतीत औषध हा शेवटचा उपाय म्हणून मागे ठेवू नये, पशुवैद्याशी पहिल्याच भेटीत त्याविषयी बोलावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या सेपरेशन अँग्झायटीसाठी क्लोमिप्रामिन १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिन २००७ मध्ये मान्य केले, आणि दोन्ही वर्तनप्रशिक्षणाच्या जोडीनेच वापरायची आहेत. ती गुंगी आणण्यासाठी नसतात. भीतीची पातळी इतकी खाली आणणे की शिकवलेले डोक्यात शिरावे, हे त्यांचे काम. रोज दिल्या जाणाऱ्या या औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठवडाभरात काही फरक नाही असे म्हणून ती सोडू नयेत, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. मधल्या काळासाठी लवकर परिणाम करणारे एखादे औषध पशुवैद्य सुचवू शकतात. केवळ एसेप्रोमेझिन दिले जात असेल तर अवश्य प्रश्न विचारा. त्याने शरीर सुस्तावते, पण भीती कमी होतेच असे नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी : टिकलीच्या गळ्यात गोचिडांसाठीचा अमिट्राझ असलेला पट्टा असेल किंवा तसे औषध लावले जात असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण क्लोमिप्रामिन किंवा फ्लुओक्सेटिन यांच्यासोबत अमिट्राझ धोकादायक ठरू शकते. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देण्याचा विचारही करू नये.

औषध सुरू करायचे की नाही, हा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही हेही लक्षात घ्या. फॉस्टर कुत्रा बहुधा संस्थेच्याच नावावर असतो. तपासणी, औषध आणि प्रशिक्षकाचा खर्च कोण करणार, संस्थेचे पशुवैद्य कोण, आणि तुमच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा आहे, हे लेखी ठरवून घ्यावे. शेजाऱ्यांना त्यांनी तक्रार करण्याआधी तुम्हीच भेटा, उपचार चालू आहेत आणि तिला एकटी सोडणे आपण थांबवले आहे एवढे सांगा. आवाज आला तर कळवण्यासाठी फोन नंबर द्या.

आता दत्तक कुटुंबाविषयी. त्यांना सगळे सांगावे, आणि तेही भेटीच्या आधी. लपवले तर पहिल्याच आठवड्यात त्यांचे दार ओरबाडले जाईल, त्यांना फसवल्यासारखे वाटेल, आणि टिकली परत येईल, मागे आणखी एक सुटलेले घर जमा करून. मात्र ‘तिला एकटे राहता येत नाही’ या एका वाक्यात सांगितले, तर ऐकणारा घाबरणारच. फॉस्टर घराचे काम कुत्रा पूर्ण बरा करून देणे एवढेच असते असे मी मानत नाही. त्याचा त्रास नेमका किती, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, हे मोजून पुढच्या माणसाच्या हाती देणे हेही तितकेच मोठे काम आहे, आणि ते तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. तुमची वही आणि दोन-तीन व्हिडिओ त्यांच्यासमोर ठेवा. ती आज किती मिनिटे शांत राहते, दोन महिन्यांपूर्वी काय होते, कोणते औषध चालू आहे, पिंजरा का नको, हे साध्या शब्दांत लिहून द्या. त्यांच्या घरी दिवसा कोण असते ते विचारा. घरून काम करणारी, निवृत्त झालेली किंवा वेगवेगळ्या वेळांना कामावर जाणारी माणसे असलेल्या घरात टिकलीचा हा दोष कदाचित फारसा जाणवणारही नाही. सगळे ऐकून त्यांनी नकार दिला, तर ते घर तिच्यासाठी नव्हते.

होकार मिळाला तरी नव्या घरात सराव पुन्हा खालच्या पायरीपासून सुरू करावा लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. दार वेगळे, वास वेगळे, माणसे वेगळी. रेस्क्यूच्या कामातली माणसे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ अंदाज सांगतात : पहिल्या तीन दिवसांत कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत दिनक्रम ओळखू लागतो आणि तीन महिन्यांत घर आपले मानतो. हा काही काटेकोर हिशेब नव्हे, पण नव्या कुटुंबाला धीर धरायला त्याचा उपयोग होतो.

तुम्ही तिला परत करावे का? वर सांगितलेला आठवड्याचा तक्ता सगळी धडपड करूनही भरता आला नाही, ती रोज कित्येक तास एकटी राहणारच असेल, तर हो, संस्थेला तसे स्पष्ट कळवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ‘परत घ्या’ असे न म्हणता ‘जिथे दिवसा माणूस असते अशा दुसऱ्या फॉस्टर घरी तिला हलवा’ असे म्हणा, आणि ते घर मिळेपर्यंत किती दिवस सांभाळू शकता तेही सांगा. आश्रयस्थानातल्या जाळीमागे परत जाणे हा तिच्यासाठी सर्वांत वाईट पर्याय आहे. तक्ता भरला, तर निदान औषधाचा परिणाम दिसायला लागणारा अवधी तरी तिला द्यावा असे मला मनापासून वाटते.

राहिला लळ्याचा प्रश्न. तुमच्यापासून तोडले तर ती पुन्हा कोणाशी जुळणारच नाही, ही भीती मनातून काढून टाका. हंगेरीतील संशोधकांनी २००१ मध्ये आश्रयस्थानांतल्या प्रौढ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने दहा-दहा मिनिटांच्या केवळ तीन भेटींत जवळीक केली, तरी ती कुत्री त्या माणसाशी ओढीने वागू लागली होती. तेव्हा माया आखडती घेऊ नका; माणसांवर विश्वास ठेवायला ती तुमच्याकडे शिकते आहे आणि ते शिकणे तिच्यासोबत जाईल. नव्या कुटुंबाने आधी तुमच्या घरी दोन-तीनदा येऊन तिला फिरायला न्यावे, मग काही तास स्वतःच्या घरी, मग एक मुक्काम, अशा क्रमाने तिला सोपवा. तिची चटई न धुता सोबत द्या. आणि पहिले काही दिवस त्यांच्यापैकी कोणीतरी रजा काढून घरी थांबेल, हे तारीख पक्की करण्याच्या आधी त्यांच्याकडून कबूल करून घ्या.